मॅमथचा वास: दालनभर सोडावा की झाकणाखाली ठेवावा?

मॅमथचा पुतळा उभा राहतो, केस लावून होतात, सोंडेला बाक येतो, आणि मग बैठकीत कुणीतरी विचारतंच, "याला वास देता येईल का?" देता येतो. वास तयार करणं हे त्यातलं तुलनेनं सोपं काम. तो पाहणाऱ्याच्या नाकापर्यंत न्यायचा आणि तिथून पुढे जाऊ द्यायचा नाही, हे खरं अवघड. यंत्र निवडताना बहुतेक चर्चा पहिल्या अर्ध्या भागावर होते. दुसऱ्या अर्ध्याकडे लक्ष जातं ते उद्घाटनानंतर महिन्याभरानं.

पर्याय मोजकेच आहेत. एक, दाबाच्या हवेनं तेलाचे बारीक थेंब करून दालनभर सोडणारा नेब्युलायझर. दोन, बटण दाबलं की सुगंधी गोळ्यांवरून हवेचा एक झोत सोडणारी कोरडी डबी, म्हणजे कार्ट्रिज. तीन, झाकण उचलून नाक जवळ न्यायची साधी पेटी. तापवून वास उडवणारी यंत्रंही मिळतात, पण तापवल्यावर प्राण्यांच्या वासातले हलके घटक आधी उडून जातात आणि मागे नुसती कुबट जळकी छटा उरते. म्हणून ती इथे धरलेली नाहीत.

आधी बाटलीत काय आहे ते

यंत्राची निवड मिश्रणावर अवलंबून असते, त्यामुळे आधी मिश्रण. मॅमथ त्या मानानं सोयीचा प्राणी. त्याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक आशियाई हत्ती, आणि हत्तीच्या वासाचं रसायनशास्त्र बरंच अभ्यासलेलं आहे. मस्तीत आलेल्या प्रौढ नराच्या गंडस्थळातून जो मद पाझरतो त्यात फ्रॉन्टॅलिन नावाचं गंधसंयुग असतं. कोवळ्या वयाच्या नराचा मद मात्र गोडसर, मधासारखा येतो. लोकरी मॅमथलाही मस्ती यायची, हे सुळ्यांच्या थरांमधल्या टेस्टोस्टेरॉनच्या चढउतारांवरून दाखवणारा शोधनिबंध २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे मॅमथच्या दालनात मदाचा दर्प ठेवणं ही निव्वळ कल्पना नाही, त्याला थोडा आधार आहे.

इथे एक चूक सहज होते. २००७ साली रशियातल्या यामाल द्वीपकल्पावर सापडलेल्या ल्यूबा या मॅमथच्या पिल्लाचं शरीर लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंमुळे जणू लोणच्यासारखं मुरून टिकलं. त्या आंबूस वासाची गोष्ट आकर्षक आहे म्हणून तोच 'मॅमथचा वास' म्हणून ठेवायचा मोह होतो. पण तो जिवाणूंचा वास आहे, गाडल्या गेलेल्या कलेवराचा. चालत्याफिरत्या मॅमथचा नव्हे. ठेवायचाच तर वेगळ्या पाटीखाली ठेवावा.

डायनोसॉरबाबत आधार पातळ होत जातो. कॅनडातल्या सॅस्कॅचवानमधल्या, टी-रेक्सच्या मानल्या जाणाऱ्या, १९९८ साली वर्णन झालेल्या ४४ सेंटिमीटर लांबीच्या विष्ठाश्मात, म्हणजे दगड झालेल्या विष्ठेत, हाडांचे तुकडे आहेत. महाराष्ट्रातल्या पिसदुराच्या विष्ठाश्मांमध्ये गवताचे सिलिकाकण सापडले. दोन्ही ठिकाणी आहार कळतो, वास नाही. विष्ठाश्म हा दगड असतो, नाकाला लावलात तर दगडाचाच वास येईल. सिटॅकोसॉरस या छोट्या डायनोसॉरच्या अवस्करावर (मल-मूत्र आणि प्रजनन यांच्या एकाच द्वारावर) २०२१ साली जो अभ्यास झाला त्यात तिथे मगरीसारख्या गंधग्रंथी असाव्यात अशी शक्यता मांडली आहे, आणि तीही शक्यताच. त्यामुळे डायनोसॉरसाठी एका बाजूला मगर आणि दुसऱ्या बाजूला पक्षी धरून मधला वास बांधावा लागतो: मगरीचा कस्तुरीकडे झुकणारा दर्प, आणि पक्ष्यांच्या विष्ठेतल्या युरिक आम्लावर जिवाणूंनी काम केल्यावर येणारा अमोनियाचा झोंबरा वास. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमनं टी-रेक्सच्या प्रतिकृतीसाठी प्राण्याच्या वासाऐवजी दलदलीचा वास वापरला होता. त्यात मला शहाणपण दिसतं. चिखल, कुजकी पानं आणि पाणी यांच्या वासाबद्दल आपण पुष्कळ जास्त खात्रीनं बोलू शकतो.

मॅमथच्या लिदीसाठी आणि केसाळ अंगासाठी सुरुवातीला चालेल असं १०० ग्रॅमचं मिश्रण असं करता येईल. द्रावक म्हणून डायप्रोपिलीन ग्लायकॉल ९२ ग्रॅम. त्यात कुमारिन १ ग्रॅम (वाळल्या गवताची छटा), वाळ्याचं तेल २ ग्रॅम, पॅरा-क्रेसॉलचं १० टक्के द्रावण १ ग्रॅम, स्कॅटोलचं १ टक्का द्रावण १ ग्रॅम, इंडोलचं १० टक्के द्रावण अर्धा ग्रॅम, आयसोव्हॅलेरिक आम्लाचं १ टक्का द्रावण दीड ग्रॅम, जिओस्मिनचं ०.१ टक्का द्रावण अर्धा ग्रॅम आणि हिरव्या गवतासाठी सिस-३-हेक्सेनॉलचं १० टक्के द्रावण अर्धा ग्रॅम. कुमारिन घनरूप असतं. ग्लायकॉलची बाटली कोमट पाण्यात धरून ते आधी पूर्ण विरघळवावं, गार झाल्यावर बाकीचं घालावं, हेक्सेनॉल सगळ्यात शेवटी. बाटली गडद काचेची हवी, कारण उजेडात इंडोल आणि स्कॅटोल लालसर-तपकिरी होतात. सात दिवस झाकून ठेवावी आणि मगच वासाचा निवाडा करावा. पहिल्या दिवशी हे मिश्रण नेहमीच फार हिरवं आणि फार टोचरं वाटतं.

जिओस्मिन वाढवायचा मोह टाळा. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो त्यातला हा मुख्य घटक, आणि माणसाचं नाक तो पाण्यात लिटरला काही नॅनोग्रॅम इतका कमी असला तरी ओळखतं. थेंबभर जास्त झाला की मॅमथ गायब होतो आणि नुसतं ओलं तळघर उरतं. स्कॅटोलचं उलट आहे. तीव्र असताना शुद्ध विष्ठा, आणि खूप पातळ केल्यावर जवळजवळ फुलासारखं. म्हणून बाटलीला नाक लावून निर्णय घ्यायचा नसतो. यंत्रातून किंवा पेटीतून जितका वास येणार आहे तितक्याच तीव्रतेला तो तपासायचा.

पॅरा-क्रेसॉल शुद्ध रूपात त्वचा भाजतं. ते तयार पातळ द्रावणातच विकत घ्यावं, आणि हातमोजे व चष्मा लावूनच मोजावं. खऱ्या प्राण्याची लीद वापरायचा विचार रोगजंतूंमुळे सोडून द्यावा. हायड्रोजन सल्फाइडचा तर मुळीच नको. सुमारे १०० पीपीएमला तो नाकाची वास घ्यायची शक्तीच बधिर करतो, आणि मग धोका आहे हे कळतही नाही. टी-रेक्सजवळच्या सडक्या मांसाच्या वासासाठी गंधकाचं डायमेथिल ट्रायसल्फाइड अगदी थोड्या प्रमाणात पुरतं. डायमेथिल सल्फाइड ३७ अंशालाच उकळतं, त्यामुळे ते कशातही ठेवलं तरी काही दिवसांत उडून जातं.

आणखी एक गडबड जवळपास प्रत्येक नव्या मिश्रणात होते. सडका वास हवा म्हणून एकाच बाटलीत ब्युटिरिक आम्ल आणि एखादं अमाइन (सडक्या माशासारख्या वासाचं अल्कलीधर्मी संयुग), दोन्ही घातली जातात. दोघांचं मिळून क्षार बनतो आणि दोन्ही वास विझतात. मग आणखी घातलं जातं, तेही विझतं. अमाइन आणि अल्डिहाइड यांचंही एकमेकांशी पटत नाही, मिश्रण तपकिरी होतं आणि वास भलतीकडेच जातो. उपाय सोपा आहे: आम्लं एका बरणीत, अमाइनं दुसऱ्या बरणीत. दोन वास हवेतच एकत्र येऊ द्यावेत.

नेब्युलायझर

प्रभावाच्या बाबतीत याला तोड नाही. माणूस दालनात पाऊल टाकतो आणि काही वाचायच्या आधीच त्याला कळतं की इथे काहीतरी मोठं, केसाळ आणि ओलं उभं आहे. यॉर्कच्या जोर्विक व्हायकिंग सेंटरनं १९८४ पासून वास हा प्रदर्शनाचा कणा केला. तिथले वास पुन्हा दिल्यावर, बऱ्याच वर्षांपूर्वी येऊन गेलेल्यांना प्रदर्शनातले तपशील जास्त चांगले आठवले, असं ॲगल्टन आणि वास्केट यांच्या १९९९ च्या अभ्यासात दिसलं. म्हणजे वासानं स्मरण जागं होतं या म्हणण्याला आधार आहे.

पण प्राण्यांच्या वासाचं आणि या यंत्राच्या तोटीचं जमत नाही. इंडोल ५२ अंशांच्या आसपास वितळतं, स्कॅटोल ९५ च्या आसपास, पॅरा-क्रेसॉल ३५ ला. म्हणजे दालनाच्या तापमानाला ही तिन्ही मुळात घनरूप, केवळ द्रावकामुळे द्रव राहिलेली. तोटीच्या टोकाशी द्रावक उडाला की तिथे स्फटिक बसतात. आधी फवारा एका बाजूला झुकतो, मग थेंब मोठे होतात, मग तोटी बंद. फुलांच्या वासावर महिनोन्महिने चालणारं यंत्र या मिश्रणावर दर आठवड्याला अल्कोहोलनं धुवावं लागतं. वाळ्यासारखी घट्ट तेलं त्यात भर घालतात.

थेंब काही मायक्रॉनचे असले तरी ते थेंबच. ते कुठेतरी बसतातच: काचांवर, दिव्यांवर, सापळ्यावर. त्या ओशट थरावर धूळ चिकटते. प्रकाशानं धूर ओळखणारे आगसूचक फवाऱ्यामुळे उगाचच वाजू शकतात, म्हणून यंत्र त्यांच्याखाली किंवा त्यांच्याकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत ठेवू नये. पाण्याचं धुकं करणारं अल्ट्रासॉनिक यंत्र हा स्वस्त पर्याय कुणी सुचवलाच, तर आधी दालनात पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असलेले जीवाश्म आहेत का ते विचारावं. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की पायराइटचं ऑक्सिडीकरण वेगानं होतं, आणि जीवाश्म आतून भुसभुशीत होऊन फुटतो.

शेजारच्या कपाटात शंख-शिंपले किंवा मूळ कवच टिकलेले अमोनाइट (शंखासारख्या कवचाचे समुद्री जीवाश्म) असतील तर आम्लांचाही विचार करावा. सेंद्रिय आम्लांची वाफ कॅल्शियम कार्बोनेटवर पांढरी बुरशीसारखी क्षारांची पूड उगवते. संग्रहालयात साहित्य तपासायची रूढ पद्धत म्हणजे ऑडी चाचणी, जी १९७३ साली ब्रिटिश म्युझियममध्ये सुरू झाली: चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्या, ६० अंश, बंद दमट बाटली, २८ दिवस. गंधकाची संयुगं चांदी काळवंडवतात, आम्लं शिसं खातात. मॅमथच्या मिश्रणात आम्लं आहेत, टी-रेक्सच्या मिश्रणात गंधक आहे. हे वास चाचणीत पास होतील अशी अपेक्षाच ठेवू नये. प्रश्न एवढाच उरतो, की ते मूळ नमुन्यांपर्यंत पोचतात का.

कोरडी डबी

इथे थेंब नाहीत, फक्त वाफ. संगणकात वापरतात तसा ४० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा, त्यापुढे सुगंध मुरवलेल्या गोळ्यांची डबी, आणि पुढे नाकाच्या उंचीला तोंड. बटण दाबल्यावर २ ते ३ सेकंदांचा झोत, मग ३० सेकंद बटण बंद. ही तीस सेकंदांची बंदी नसेल तर मुलं बटण दाबतच राहतात आणि संध्याकाळपर्यंत नेब्युलायझरचंच काम होऊन बसतं. हेगच्या मॉरिट्सहाउसनं २०२१ च्या गंधांच्या प्रदर्शनात पायानं दाबायची कळ दिली होती. हात लागत नाही, आणि कळ मुद्दाम दाबावी लागते म्हणून अपघातानं वास सुटत नाही. ही कल्पना उचलण्यासारखी आहे.

अडचण आहे ती वास बदलत जाण्याची. हलके घटक आधी उडतात. पहिल्या दिवसांत गवताची हिरवी छटा आणि आम्लाची टोच, मग तीही जाते, आणि शेवटी क्रेसॉल-स्कॅटोलची जड कुबट शिळी छटा. मॅमथचा तबेला होतो, आणि तो हळूहळू होत असल्यानं रोज तिथे असणाऱ्यांना कळत नाही. मोठी डबी घेऊन ती जास्त दिवस चालवण्यापेक्षा छोट्या डब्या दर दोन आठवड्यांनी बदलणं बरं.

डबीच्या दोन्ही बाजूंना झडप हवी. पुरवठादार बहुधा पुढेच देतात, आणि मग मागच्या पंख्यातून वास रात्रभर यंत्राच्या पोटात झिरपत राहतो. नळी पीटीएफईची (टेफ्लॉनची) असावी. पीव्हीसी आणि सिलिकोन वास पितात. डब्यांमध्ये अनेकदा ईव्हीए प्लॅस्टिकच्या गोळ्या असतात, त्या सुगंध छान धरून ठेवतात, पण ईव्हीएमधून कालांतरानं ॲसिटिक आम्ल सुटतं. मूळ नमुने जवळ असतील तर गोळ्या कशाच्या आहेत ते लेखी विचारून घ्या.

एवढं सांभाळलं तर हे यंत्र चांगलं आहे, आणि त्याची निवड करणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

झाकणाची पेटी

हिला यंत्र म्हणणंही जड जातं. स्टेनलेस स्टीलची वाटी, आत ६० मिलिलिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, बरणीत जाड टीपकागदाचा गोल तुकडा, त्यावर २ ते ३ मिलिलिटर मिश्रण. वर ३ मिलिमीटर भोकांची जाळी. भोकं याहून मोठी ठेवली तर तिकिटं आणि च्युइंगगम आत जातात. कागदापासून नाकापर्यंत ८ ते १० सेंटिमीटर. सगळ्यावर झाकण.

सगळं काम झाकणाचं आहे. बिजागरीला साधारण ७५ अंशांवर अडणी द्यावी. ९० किंवा जास्त उघडलं तर झाकण उघडंच राहतं, ७५ वर हात सुटला की आपल्या वजनानं मिटतं. मुलांची बोटं चेपू नयेत म्हणून मंद मिटवणारा दट्ट्या लावावा, पण तो फार मंद नको, नाहीतर प्रत्येक वेळी पेटी निष्कारण उघडी राहते. झाकणाच्या कडेची गादी रबराची किंवा सिलिकोनची नको. ती पहिल्या आठवड्यातच वास पिते आणि झाकण बंद असतानाही स्वतःच वास मारायला लागते. पीटीएफईची घ्यावी. ती कडक असते, म्हणून झाकणाची कड सपाट तासून घ्यावी लागते. सुताराला किंवा लोहाराला हे आधीच सांगावं.

झाकण झटकन उचललं की आतली साचलेली वाफ वर ओढली जाते, म्हणून पहिला भपकारा जोरदार येतो. लगेच मागून आलेल्याला थोडा फिका मिळतो. पुन्हा वाफ साचायला माझ्या अंदाजानं अर्धा ते एक मिनिट लागतं. रांग लागत असेल तर एकाच वासाच्या दोन पेट्या द्याव्यात. मिश्रण आणखी तीव्र करायला जाऊ नये. आम्लांची आणि अमाइनांची बरणी वेगळी ठेवायची असेल तर एका वाटीत दोन बरण्या शेजारी-शेजारी बसतात. डबीच्या यंत्रात हे करायला दोन पंखे लागतात.

उणिवा आहेत. पहिली, वास अंगावर येत नाही, तो घ्यायला जावं लागतं, आणि कित्येक जण जात नाहीत. दुसरी स्वच्छतेची: लोक नाक जाळीला टेकवतात. जाळी रोज दोनदा पुसावी लागते, तीही बिनवासाच्या साबणानं, कारण अल्कोहोलवाल्या द्रवाचा वास पुढची दहा मिनिटं मॅमथवर मात करतो. पाहणाऱ्यांच्या हातावरच्या सॅनिटायझरचंही तसंच होतं, त्याला इलाज नाही. तिसरी, हिच्यात नाट्य नाही. देणगीदारांसमोर झाकण उचलून दाखवणं आणि अंधाऱ्या दालनात दर्पाची लाट सोडणं यांत कुणाला जास्त टाळ्या मिळतील ते उघड आहे.

मुरणं

या सगळ्यात माझा कौल ज्यामुळे ठरला ती गोष्ट माहितीपत्रकात नसते. प्राण्यांचे वास मुरतात.

लिंबाचा किंवा पुदिन्याचा वास दालनात सोडला तर यंत्र बंद केल्यावर तासाभरात तो जातो. ब्युटिरिक आणि आयसोव्हॅलेरिक आम्लं, क्रेसॉल, स्कॅटोल जात नाहीत. ती गालिच्यात बसतात, आवाज शोषायला लावलेल्या फोममध्ये बसतात, एमडीएफच्या पाट्यांच्या कापलेल्या कडांमध्ये बसतात आणि मॅमथच्या अंगावरच्या कृत्रिम केसांमध्ये तर घर करतात. तिथून ती हळूहळू परत बाहेर पडतात, विशेषतः सकाळी दिवे लागल्यावर किंवा दालन जरा तापल्यावर.

हवा खेळती ठेवली की झालं असं यंत्र विकणारे सांगतात. गणित करून पाहू. तासाला ६ वेळा हवा बदलत असेल आणि ती सगळीकडे नीट मिसळत असेल, तर ३० मिनिटांत हवेतला ९५ टक्के वास जायला हवा. हवेतला जातोही. पण भिंती, कापड आणि फोम यांनी पिऊन ठेवलेला वास या गणितात नाही, आणि तोच जास्त असतो. शिवाय तापमान व आर्द्रता राखणाऱ्या यंत्रणेत बहुतेक हवा फिरून तीच येते. हवा बदलते म्हणजे नवी येते असं नाही. मॅमथचा दर्प नलिकांमधून फिरून शेजारच्या फुलपाखरांच्या दालनात पोचतो.

यावर एक दुष्टचक्र बसतं. नाक काही मिनिटांत वासाला सरावतं. दिवसभर दालनात उभ्या असलेल्या रक्षकाला दुपारपर्यंत काहीच जाणवत नाही. कुणी म्हणालं "वास येत नाही", की यंत्राची वेळ वाढवली जाते. दर पाच मिनिटांनी दहा सेकंद सुटणारा फवारा वीस सेकंदांचा होतो. रक्षकाला वास येत नसतो, पण तो भिंतीत साठत असतो. दालनात येणाऱ्याला मग मॅमथ भेटत नाही, सांडपाणी तुंबलंय की काय असं वाटतं.

हे सगळं मी नाकानं ठरवलेलं आहे, मोजमापाच्या उपकरणानं नव्हे. माझं माप साधं आहे: यंत्र रात्रभर बंद ठेवायचं, आणि सकाळी दार उघडल्यावर आदल्या दिवशी दालनात न आलेल्या माणसाला आत पाठवून पहिल्या श्वासात काय येतं ते विचारायचं. आधी विचारायचं, मग दिवे लावायचे. नेब्युलायझर असलेल्या दालनात उत्तर पहिल्या आठवड्यातच बदलतं. कोरड्या डबीच्या बाबतीत यंत्राभोवतीच्या हातभर जागेत बदलतं, बहुधा यंत्राच्या प्लॅस्टिकच्या कवचामुळे. पेटीच्या बाबतीत, गादी बरोबर असेल तर, उत्तर बहुतेक वेळा 'काही नाही' असंच येतं.

मुरलेला वास काढणं हा वेगळाच खटाटोप. खाण्याच्या सोड्याचं पाणी ब्युटिरिक आम्लावर चालतं, त्याचा बिनवासाचा क्षार होतो. लोक तेवढ्यावर खूश होतात, आणि दोन दिवसांनी तबेला परत येतो, कारण क्रेसॉल इतकं सौम्य आम्ल आहे की सोड्याला दाद देत नाही आणि स्कॅटोल तर आम्लच नाही. त्या दोघांसाठी सक्रिय कोळसा, भरपूर ताजी हवा आणि बरेच आठवडे. फोम आणि गालिचा धुण्यापेक्षा काढून टाकणंच स्वस्त पडतं. कृत्रिम केसांचं काय करायचं याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पेटीचं मात्र असं आहे की मुरण्यासाठी तिच्यात फक्त काच आणि स्टील आहे. दोन्ही भांडी घासल्यासारखी घासता येतात.

यातून आणखी एक फायदा आपोआप मिळतो. दमा असलेल्याला, गरोदर बाईला, किंवा साध्या डोकेदुखीनं हैराण झालेल्या माणसाला मॅमथ न हुंगता मॅमथ पाहता येतो. रक्षकांच्या तक्रारीही बंद होतात.

तरीही केव्हा दुसरं घ्यावं

वाट ठरलेली असेल, लोक गाडीत बसून किंवा एकामागोमाग चालत जात असतील, कुणी पाच मिनिटांहून जास्त थांबत नसेल, आणि दालनात मूळ नमुने नसून सगळ्या प्रतिकृती असतील, तर नेब्युलायझर किंवा तसं काहीतरी लागेलच. जोर्विकमध्ये लोक असेच गाडीत बसून जातात. अशा ठिकाणी निदान गालिचा टाळावा, भिंतींना धुता येणारा रंग द्यावा आणि दालनाची हवा थेट बाहेर फेकणारा स्वतंत्र पंखा लावावा. फिरत्या यंत्रणेत ती सोडू नये. आणि पूर्ण दालन प्राण्याच्या वासाचं करण्यापेक्षा दलदलीचं, ओल्या मातीचं, कुजक्या पानांचं करावं. हे वास तुलनेनं कमी मुरतात, आणि मुरले तरी कुणी तक्रार करत नाही.

शाळेच्या सहली मोठ्या येत असतील, चाळीस-चाळीस मुलं एकदम, तर पेटीपाशी गर्दी आणि ढकलाढकली होते. तिथे पायाच्या कळीची कोरडी डबी बरी, एका झोतात तिघे-चौघे हुंगतात. दृष्टिहीनांसाठी आखलेल्या मार्गावर मात्र पुन्हा पेटीच घ्यावी, झाकणाचा आकार हाताला कळतो आणि पुढे काय आहे ते झाकणावर ब्रेलमध्ये लिहिता येतं.

पेटी घेतलीत तर पाटीकडे यंत्राइतकंच लक्ष द्या. आयसोव्हॅलेरिक आम्लाला 'चीज' म्हटलं तर लोकांना ते बरं वाटतं, 'घामट अंग' म्हटलं तर तोच वास नकोसा होतो. म्हणून झाकणाच्या बाहेर फक्त प्रश्न असावा, 'हा वास कशाचा वाटतो?', आणि उत्तर झाकणाच्या आतल्या बाजूला. उत्तरात तीन गोष्टी वेगळ्या सांगाव्यात: हत्तीवरून काय माहीत आहे, सुळ्यांवरून काय कळलं, आणि बाकीचं आम्ही अंदाजानं घातलं आहे. झाकणाची उंची मोठ्यांसाठी जमिनीपासून ११० सेंटिमीटर, मुलांसाठी ७५. चाकाच्या खुर्चीतल्यांनाही ७५ सोयीची पडते.

प्रत्येक वासाच्या दोन बरण्या भराव्यात. एक पेटीत, दुसरी घट्ट बंद करून फ्रिजमध्ये, आणि तो फ्रिज खाण्याचा नको. सोमवारी दोन्हींची झाकणं उघडून एकामागून एक हुंगावीत. पेटीतली बरणी फ्रिजमधल्या बरणीपेक्षा ओळखण्याइतकी शिळी वाटली, की कागद बदलायचा. उन्हाळ्यात हे साधारण तीन आठवड्यांनी होतं, थंड दालनात पाच-सहा. बदललेला कागद मात्र उघड्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, झिपच्या दोन पिशव्यांमध्ये घालून थेट इमारतीबाहेर न्या.